धुकं उतरवलं

बहात्तर साली नगर जिल्ह्यात आभाळात ढग शोधून सापडत नव्हता, आणि मी पगार घेऊन ढग तयार करत होतो. जामखेडची माझी मावशी तेव्हा म्हणाली होती, "तुला ढग करता येतात म्हणे. मग दोन आमच्याकडे पाठव की. पांढरे असले तरी चालतील." मी हसलो होतो. त्या नोकरीतल्या हसण्यासारख्या गोष्टी मी पुष्कळांना सांगितल्या आहेत. जी गोष्ट सांगितली नाही, ती आज लिहितो आहे. एका माणसावर आलेला आळ खोटा होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कारण जे त्याच्या नावावर लागलं ते मी केलं होतं.

आमच्या खात्याचं नाव लिहीत नाही. आता ते खातंही नाही आणि ती इमारतही नाही. नगर शहराबाहेर, भिंगारच्या पुढे, पत्र्याचं छप्पर असलेल्या एका लांबलचक शेडमध्ये नव्या वैमानिकांना जमिनीवरच विमान चालवायला शिकवणारं यंत्र होतं. त्याला सिम्युलेटर म्हणतात. आम्ही 'डबा' म्हणायचो.

आजकाल हे सगळं संगणकाच्या पडद्यावर होतं. तेव्हा संगणक नव्हता, भिंत होती. शेडच्या एका बाजूला चाळीस फूट लांब भिंतीवर आम्ही एक मुलूख उभा केला होता. प्लास्टरचे डोंगर, हिरव्या रंगात भिजवून वाळवलेल्या लाकडी भुशाची झाडं, तांदळाच्या दाण्याएवढी घरं आणि मधोमध फूटपट्टीपेक्षा थोडी मोठी धावपट्टी. समोर रुळांवर एक कॅमेरा फिरे. त्याच्या तोंडाला दुर्बिणीसारखी बारीक नळी होती. शेजारच्या खोलीत डब्यात बसलेल्या मुलाने दांडा पुढे ढकलला की कॅमेरा भिंतीजवळ सरके, आणि मुलाला समोरच्या पडद्यावर जमीन जवळ येताना दिसे. विमान उतरलं म्हणजे कॅमेऱ्याची नळी भिंतीपासून बोटभर अंतरावर आली.

एकदा धावपट्टीवर पाल बसली होती. डब्यातला मुलगा शांत आवाजात म्हणाला, "धावपट्टीवर मगर आहे. परत फिरतो." शेडच्या मुख्य साहेबांनी त्याला पूर्ण गुण दिले. म्हणाले, अडथळा दिसला की परत फिरायचं, तो कसला आहे हे वैमानिकाने विचारायचं नसतं.

माझं काम धुक्याचं. यंत्र परदेशातून वापरलेलं आलं होतं, आणि त्याचा धुकं करणारा भाग वाटेतच कामातून गेला होता. मी मास्तराच्या घरातला, विज्ञान शिकलेला, हाताने बरा. मी काचेच्या हातभर लांब पट्ट्या घेतल्या आणि पाण्यात कालवलेल्या कुरुंदाच्या पुडीने घासघासून दुधाळ केल्या. एका टोकाला पार पांढऱ्या, दुसऱ्या टोकाला स्वच्छ. पट्टी कॅमेऱ्यापुढच्या खाचेत बसे आणि विमान जसं खाली येई तशी एका छोट्या मोटारीने सरके. उंचावर सगळं पांढरं. खाली येता येता पातळ. शेवटी धावपट्टी लख्ख. किती घासलं की किती धुकं, याचं माप मी वर्तमानपत्रावर ठरवलं होतं. काच हातभर अंतरावर धरायची. मथळा वाचता आला तर हलकं, मथळाही गेला तर दाट. साहेब या पट्ट्यांना माझ्या नावाने 'पाठक पट्टी' म्हणत. दुसऱ्या ठिकाणच्या डब्यांसाठीही त्या करून द्यायचं चाललं होतं. सत्ताविसाव्या वर्षी आपल्या नावाची एखादी वस्तू असणं म्हणजे काय, ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं समजेल.

एकनाथ आमच्याकडे रंगारी होता. घोडेगावजवळच्या वस्तीवरचा, शेतकऱ्याचा मुलगा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. घोडेगावच्या बाजारात विकायला आलेल्या बैलांची शिंगं रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दगडू, आमच्याकडे पहारेकरी होते. त्यांनीच त्याला चिकटवलं. भिंतीवरचा मुलूख एकनाथ आल्यावर जिवंत झाला. तोवर आमचे डोंगर हिरवे होते. त्याने ते उन्हाळ्यातल्या डोंगरासारखे करडे केले आणि म्हणाला, "भाऊसाहेब, एवढं हिरवं तुमी कुठं बघितलं?"

ती वर्षं संशयाची होती. लढाई संपून वर्ष झालं तरी खिडक्यांना लावलेला काळा कागद तसाच होता. कुणी कुणाशी काय बोललं याची चौकशी होई. कामाच्या वहीची पानं मोजलेली असत. प्रत्येकाने काय केलं ते वेळेसकट तिच्यात लिहून सही करायची. दारावर दगडू सगळ्यांच्या पिशव्या तपासत. स्वतःच्या मेहुण्याची भाकरीसुद्धा मोडून बघत.

"दाजी, भाकरीत काय विमान नेतोय व्हय मी?" एकनाथ विचारी.

"न्हाई नेत, म्हाईत हाय. पन न्हाई बघितलं तर उद्या मीच नेलं म्हनतील." दगडू भाकरी परत देताना दोन्ही तुकडे जुळवून देत.

रात्री शेडची किल्ली दगडूंकडे, दिवसाही त्यांच्याच कमरेला. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. हे साहेबांना आणि मला माहीत होतं, बाकी कुणाला नाही. साहेबांचा दगडूंवर पूर्ण विश्वास नव्हता, आणि तो नाही हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

एके दिवशी मी डब्यात बसून पट्टी तपासत होतो. एकनाथ मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. धुकं विरळ होत होत धावपट्टी उघडी पडली तसा तो म्हणाला, "हे ढग झाले, भाऊसाहेब. ही धुई न्हाई."

आमच्याकडे खेड्यात धुक्याला धुई म्हणतात. मी म्हटलं, "फरक काय?"

"धुई उलटी आसती. इमामपूरचा घाट हाय का न्हाई? बैलं घिऊन बाजाराला उतरायचो. घाटाच्या माथ्यावरनं बघितलं की खालचं समदं दिसतं. देवळाचं शिखर, झाडाचे शेंडे, रस्ता सुदिक. पातळ दुधावानी पसरल्याली आसती. मानूस म्हनतो, काय न्हाई, चला. आन खाली उतरलं की म्होरल्या बैलाची शिंगं दिसत न्हाईत. म्या रंगवल्याली, हिंगुळाची, तरी बी दिसत न्हाईत."

मी पट्टीची मोटार बंद केली. त्याचं म्हणणं चटकन समजलं होतं. जमिनीला चिकटलेलं धुकं फार जाड नसतं. वरून सरळ खाली बघितलं तर नजर त्याच्यातून आरपार जाते. पण त्याच्यात शिरल्यावर आडवं बघावं लागतं, आणि आडवं ते कोसभर पसरलेलं असतं. म्हणजे वैमानिकाला वरून धावपट्टी दिसणार, तो निर्धास्त होणार, आणि शेवटच्या तीस-चाळीस फुटांत ती नाहीशी होणार. माझी पट्टी बरोबर याच्या उलट शिकवत होती. खाली जात राहा, दिसेल.

"पुस्तकात असं नाही," मी म्हणालो. पुस्तकात याबद्दल काहीच नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

आठ दिवसांनी त्याने स्वतःच घासलेली एक पट्टी आणली. वरच्या टोकाला स्वच्छ, खालच्या टोकाला पांढरी. हात कापू नये म्हणून कडांना त्याने शिंगांना लावतात तो लाल हिंगूळ लावला होता. सकाळी अकराला आम्ही दोघांनी ती खाचेत चढवली. मी डब्यात बसलो. वरून धावपट्टी आरशासारखी दिसत होती. चाळीस फुटांवर कुणीतरी तोंडावर चादर टाकावी तसा पडदा पांढरा झाला. माझे हात दांड्यावर गोठले. यंत्र मीच चालवत होतो आणि समोर प्लास्टरची भिंत आहे हे मला ठाऊक होतं, तरीही.

बाहेर येऊन मी म्हणालो, "ठीक आहे. काढून ठेव. साहेबांना मी योग्य वेळी सांगतो."

त्याने ती काढली, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली आणि वहीत लिहिलं, 'अकरा वाजता. नवी पट्टी चढवून पाहिली. धुकं उतरवलं. एकनाथ.'

आमच्यात बोलायची तीच पद्धत होती. पट्टी बसवली की धुकं चढवलं, काढली की धुकं उतरवलं. भिंतीवरचा फोटो उतरवतात तसं.

त्याच दुपारी चाचणी होती. मुलगा आमच्याकडचा सगळ्यात हुशार, कधी न चुकलेला. एक वाजता सगळे जेवायला गेले. दगडू कुलूप लावून दाराबाहेर लिंबाखाली बसले होते. मी मागच्या दाराने माझ्या किल्लीने आत गेलो आणि माझी पट्टी काढून एकनाथची पट्टी खाचेत घातली.

का, हे मी पन्नास वर्षं स्वतःला विचारतो आहे. चांगलं उत्तर असं की मला खात्री करून घ्यायची होती. खरं उत्तर असं की हा मुलगा त्या पट्टीतही विमान उतरवील, मग एकनाथचं म्हणणं पोकळ ठरेल आणि पाठक पट्टी पाठक पट्टीच राहील, असं मला हवं होतं. चाचणी संपली की पट्टी बदलून टाकायची, कुणाला कळणार नाही, असा हिशेब केला होता.

मुलगा झकास खाली आला. चाळीस फुटांवर धावपट्टी गेली. ती आता परत दिसेल म्हणून तो खालीच येत राहिला. त्याला तसं मीच शिकवलं होतं. कॅमेऱ्याची नळी धावपट्टीच्या अलीकडच्या टेकाडात घुसली आणि मोडली. आत भिंगं होती. ती परदेशातली, आणि दुसरी नव्हती. डबा बंद पडला.

मी खाचेपर्यंत पोचायच्या आत साहेब पोचले होते. त्यांच्या हातात लाल कडांची पट्टी होती.

साहेब मद्रासकडचे, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा त्यांना धड येत नसे. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसांत वस्तू मोडली असं कुणी म्हणत नसे, मोडवली म्हणत. दोनच दिवसांत चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. तेही मराठी न जाणणारे. वही पुढे आली. त्या पानाचं इंग्रजी करून द्यायचं काम मला सांगितलं.

'उतरवलं' या शब्दाशी मी टेबलावर अर्धा तास बसलो होतो. आपल्या भाषेत ताप उतरतो तेव्हा तो जातो आणि विमान उतरतं तेव्हा ते खाली येतं. उतरवलं म्हणजे काढून ठेवलं. उतरवलं म्हणजे खालीही आणलं. 'धुकं काढलं' असं इंग्रजी केलं असतं तर पुढचा प्रश्न असा आला असता की मग पुन्हा घातलं कुणी? मी लिहिलं, 'फॉग लोअर्ड'. धुकं खाली आणलं. शब्दकोश काढून कुणी मला खोटं ठरवू शकलं नसतं. म्हणूनच तो शब्द निवडला.

एकनाथला आत बोलावलं. मीच दुभाषा.

"म्या काढली हुती साहेब. फळीवर ठिवली हुती. भाऊसाहेबांच्या म्होरं."

हे मी शब्दशः सांगितलं. अधिकाऱ्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले की याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, धुकं खाली आणलं, आणि तोंडाने म्हणतोय काढलं. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्यासमोर काढली का? मी म्हणालो, मी तेव्हा डब्यातून बाहेर येत होतो, नीट पाहिलं नाही.

एकनाथला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याची मान वळली ती दाराकडे, दगडूंकडे. त्या वळण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो मला संशयातून सोडत होता आणि दुसऱ्याला धरत होता.

त्याला काढून टाकलं. त्याच्या वस्तीवर पोलीस जाऊन आले, घरी कोण येतं, रेडिओ कुठला आहे, असलं विचारून. गावात झालं की एकनाथने विमानात काहीतरी केलं. दगडूंनी महिन्याभरात नोकरी सोडली. लाल कडांची पट्टी पुराव्यात गेली, तिचं पुढे काय झालं माहीत नाही. सहा महिन्यांनी नवी नळी आली, डबा सुरू झाला आणि मी पुन्हा तेच शिकवू लागलो. खाली जात राहा, दिसेल. आणखी सात वर्षं. त्या मुलांपैकी कुणाला कधी पहाटेच्या धुक्यात खरी धावपट्टी दिसेनाशी झाली का, त्याने काय केलं, हे मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेलो नाही. निवृत्तीच्या वेळी मला मानपत्र दिलं, त्यात पाठक पट्टीचा उल्लेख आहे. ते मी भिंतीवर लावलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मुलाबरोबर गाडीने सकाळी नेवाशाकडे निघालो होतो. पाऊस उशिरापर्यंत पडल्याने धुकं होतं. इमामपूरच्या घाटाच्या माथ्यावरून खालचा सगळा रस्ता दिसत होता. देवळाचं शिखर, झाडांचे शेंडे, पातळ दुधासारखं काही पसरलेलं. मुलगा म्हणाला, "काही नाही बाबा, जाऊ." मी म्हणालो, "हळू." खाली उतरलो आणि काचेपुढचं बॉनेटसुद्धा दिसेना. तो शहाणा, बाजूला घेऊन थांबला. आम्ही अर्धा तास तसेच बसून होतो. त्या अर्ध्या तासात मी त्याला हे सगळं सांगितलं. धुकं विरळ झालं तशी त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "घोडेगाव पुढेच आहे."

चहाच्या टपरीवर एकनाथ पेंटर म्हटल्यावर लगेच वाट सांगितली. ऐंशीला टेकलेला, कानाने अधू, पण अंगणात बैलाच्या शिंगाला रंग लावत बसलेला. मला ओळखलं.

"या भाऊसाहेब. लई म्हातारे झालात की."

"तुम्हीही," मी म्हणालो. त्या काळी मी त्याला अरेतुरे करत असे. आता ते तोंडून निघेना.

चहा आला. मी सांगितलं. किल्ली, पट्टी, शब्द, सगळं. ऐकू येत नसल्याने मोठ्याने सांगावं लागलं. त्याची सून, नातवंडं, माझा मुलगा सगळ्यांनी ऐकलं. ते बरंच झालं.

त्याने ब्रश पाण्यात ठेवला. "दुसरी किल्ली हुती?"

"होय."

"तुमच्यापाशी?"

"माझ्यापाशी."

"मला वाटलं दाजींनी दार उगडलं. कुनाला तरी आत सोडलं. दुसरी किल्लीच नव्हती ना." तो माझ्याकडे बघत नव्हता. "चावडीवर म्हनलो मी त्यास्नी, चार लोकांत. मेव्हन्याला इकलंस म्हनलो. माजी थोरली भन अनसाक्का तितंच हुती. दाजी काय बोलले न्हाईत. तवापास्नं ती भाऊबीजेला आली न्हाई आन मी गेलो न्हाई. दाजी वारले तवा बी गेलो न्हाई."

मी या भेटीची इतकी वर्षं तयारी केली होती. तो शिव्या देईल, दार लावील, किंवा रडेल, या सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. दगडूंना माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मला कधी सुचलेच नव्हते.

"अक्का आहेत?" मी विचारलं.

"हाय. शेवगावकडं, लेकाकडं. डोळं गेलंत." त्याने कप खाली ठेवला. "विंग्रजीत काय लिवलं हुतं म्हनला?"

"लोअर्ड."

"म्हंजे?"

"खाली आणलं."

"आन म्या लिवलं हुतं काढलं." त्याने मान हलवली. "शब्द माजाच हुता की. चांगलाच घावला तुमास्नी."

मी म्हणालो, मी शेवगावला जाऊन अक्कांना सांगतो. तो नको म्हणाला. "तुमी त्वांडानं सांगताल. त्वांडानं म्या बी सांगितलं हुतं. लिवून द्या. छापून. तिचा नातू मास्तर हाय, त्यो वाचून दाखवंल. छापल्यालं ती खरं मानती." मग त्याने विचारलं, "दिवाळीचं पुस्तक भाऊबीजेच्या आदी येतं ना?"

मी म्हणालो, येतं.

निघताना त्याने मला माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही. तो पुन्हा शिंगाकडे वळला होता. गाडीपर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाला, "आन मराठीत लिवा."

म्हणून वहीतल्या त्या पानाची नोंद पुन्हा, पुरती, लिहितो आहे. अनसाक्कांनी ऐकावी.

अकरा वाजता. नवी पट्टी चढवून पाहिली. धुकं उतरवलं, म्हणजे काढलं, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. एकनाथ.

एक वाजता. मागचं दार उघडून तीच पट्टी पुन्हा चढवली. किल्ली माझी होती. दगडू पुढच्या दाराबाहेर लिंबाखाली बसले होते. त्यांनी कुणाला आत सोडलं नाही. पाठक.